पदवीपत्रावरचे विद्यापीठ पायी पाहताना

पुणे विद्यापीठाची पदवी घेतलेल्या बहुतेकांनी पुणे विद्यापीठ पाहिलेलेच नसते. संलग्न महाविद्यालयांची आपल्याकडची पद्धतच अशी आहे, की विद्यार्थी नाशिकला, बारामतीला किंवा संगमनेरला शिकतो, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुण्याच्या वाटेने जातात, आणि पुढे कधीतरी निकालपत्रक व पदवीपत्र त्याच वाटेने उलट येते. मी संगमनेरला शिकलो. ‘यः क्रियावान् स पण्डितः’ हे बोधवाक्य मला पाठ होते, पण ते ज्या जागेचे आहे ती जागा मी कधी आतून पाहिली नव्हती. यंदा भाची भूगोल विभागात एम.एस्सी.ला दाखल झाली आणि श्रावणातल्या एका शनिवार-रविवारी तिने मला तिकडे बोलावून घेतले, तेव्हा दोन दिवस केवळ चालायचे, वाहनात बसायचे नाही, असे आम्ही ठरवले.

संगमनेरहून पुण्याला येणारी एसटी नारायणगावावरून येते आणि तिथून पूर्वेला काही अंतरावर खोडद आहे. जीएमआरटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या त्या परिसरात विखुरलेल्या आहेत. त्या दुर्बिणीचा कारभार पाहणारी राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ही संस्था मात्र पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात आहे. म्हणजे आमच्या गावाकडच्या रस्त्याचा आणि त्या आवाराचा एक संबंध असा आधीपासूनच होता. शिवाजीनगरचे एसटी स्थानक मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हलवले आहे, तिथे उतरून आम्ही खडकीच्या बाजूने आत शिरलो. मुख्य प्रवेशद्वारापेक्षा ही बाजू मला अधिक पटली, कारण इथून जमिनीचा चढ पायांना कळतो.

भाची भूगोलाची असल्यामुळे तिने आधी इमारती नव्हे, जमीन दाखवली. उत्तरेला मुळा नदी, दक्षिणेला चतुःशृंगीच्या आणि वेताळ टेकडीच्या रांगा, त्या रांगांमधून वाट देणारी गणेशखिंड, आणि या दोहोंच्या मध्ये नदीकडे हळूहळू उतरत जाणारा बेसॉल्टचा माळ. पेशवाईच्या काळी पुणे शहर खिंडीच्या अलीकडे, मुठेच्या काठी होते. शहरापासून फार लांब नाही आणि शहरात तर मुळीच नाही, असा हा माळ होता. दोन दिवसांत जे काही पाहिले त्याची संगती मला या एका गोष्टीने लागली: गणेशखिंडीतली ही मोकळी जमीन प्रत्येक काळात कोणाला ना कोणाला हवी होती.

पहिली मोठी नोंद युद्धाची आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखालील पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्या बाजूने आणि संगमावरची रेसिडेन्सी सोडून इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन ज्यांच्या आश्रयाला गेला होता ती इंग्रजांची पलटण खडकीच्या बाजूने, अशा या माळावर समोरासमोर आल्या. दुसरा बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. मराठ्यांचे घोडदळ संख्येने कितीतरी मोठे होते, परंतु चालून जाताना ते मधल्या दलदलीत अडकले आणि हल्ल्याचा जोर तिथेच ओसरला. जरीपटक्याबरोबर असलेले मोरोपंत दीक्षित याच लढाईत पडले. पाठ्यपुस्तकात ही लढाई दोन ओळींत संपते. पावसाळ्यात या उतारावर उभे राहिले, की पाणी कोणत्या बाजूने वाहून कुठे साचत असेल हे डोळ्यांना दिसते, आणि दलदल हा शब्द निमित्तासारखा वाटेनासा होतो. नोव्हेंबरपर्यंत जमिनीत ओल टिकणे शक्य होते, असे भाचीचेही मत पडले. तिच्या सरांचे काय मत पडेल ते मात्र तिने सांगितले नाही.

लढाई जिंकणाऱ्यांनीच पुढे या माळावर घर बांधले. मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यात राहत असे आणि त्याचे पूर्वीचे निवासस्थान दापोडीला होते. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना गणेशखिंडीत नवे गव्हर्न्मेंट हाऊस बांधायला घेतले गेले. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि तिजोरीत पैसा खेळत होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, मुंबईत बँका आणि कंपन्या बुडाल्या, तरी इथले बांधकाम चालूच राहिले. खर्च अंदाजाबाहेर गेला आणि त्या उधळपट्टीवर थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये टीका झाली. इमारत १८७१ मध्ये पूर्ण झाली, पण फ्रिअर १८६७ मध्येच पद सोडून गेलेला होता. ज्याच्या हौसेपोटी हे सारे झाले त्याच्या वाट्याला पुरे झालेले घर आलेच नाही.

ती इमारत म्हणजे आजची विद्यापीठाची मुख्य इमारत. जेम्स ट्रबशॉ या वास्तुरचनाकाराने तिला इटालियन वळण दिले आहे: लांबच लांब कमानींचे व्हरांडे, काळ्या दगडाच्या भिंती, आणि एका अंगाला उंच मनोरा, ज्यावरचा झेंडा गव्हर्नर मुक्कामाला आहे की नाही हे सांगत असे. मला तिच्यातला सर्वांत बोलका भाग जमिनीखालचा वाटला. नोकरचाकरांची ये-जा पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून इथे भुयारी मार्ग केलेला होता, आणि अलीकडच्या जीर्णोद्धारात इमारतीबरोबर त्याकडेही लक्ष दिले गेले. वरच्या मजल्यावरचा थाट कोणालाही कळतो. परंतु तो थाट ज्यांच्या खांद्यावर उभा होता, त्यांना चालण्यासाठी जमिनीखालची वाट ठेवावी, यातून त्या घराचा स्वभाव अधिक स्पष्ट होतो. आज याच इमारतीतल्या मुख्य दालनाला संत ज्ञानेश्वर सभागृह म्हणतात, आणि समोरच्या बाजूला २०२२ पासून सावित्रीबाई फुले यांचा पुतळा आहे. २०१४ मध्ये विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. गव्हर्नरच्या दारात सावित्रीबाई उभ्या आहेत हे पाहून माझ्याआधी आलेल्या एका कुटुंबातल्या आजी हात जोडून थांबल्या होत्या. त्यांच्या नातीला फोटोची घाई होती, आणि आजींना नव्हती.

या घराशी जोडलेली सर्वांत गाजलेली रात्र २२ जून १८९७ ची. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून पाहुण्यांच्या बग्ग्या गणेशखिंड रस्त्याने परतत होत्या. प्लेगच्या काळात पुण्यात ज्याच्या हाताखाली घरोघर झडत्या झाल्या, तो वॉल्टर रँड त्यांपैकी एका बग्गीत होता. ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची हाक, दामोदर चाफेकरांनी रँडवर झाडलेली गोळी, मागच्या बग्गीतल्या आयर्स्टवर बाळकृष्णांनी झाडलेली गोळी, हे सारे मराठी घरांत लहानपणापासून ऐकलेले असते. आयर्स्ट जागीच ठार झाला आणि रँड ३ जुलैला मरण पावला. समारंभ शहरात झाला असता, तर एवढा अंधार आणि एवढा एकांत मिळणे अवघड होते. गव्हर्नरने शहरापासून अंतर राखण्यासाठी ही जागा निवडली, आणि तेच अंतर त्या रात्री चाफेकरांच्या उपयोगी पडले.

विद्यापीठाचा इतिहास या मानाने साधा आणि मला अधिक जवळचा आहे. १० फेब्रुवारी १९४९ रोजी ते स्थापन झाले, तेव्हा त्याला स्वतःची जागा नव्हती. भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाऊसमधून काम सुरू झाले. बाळासाहेब खेर तेव्हा मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते आणि त्यांच्या पुढाकाराने गणेशखिंडीतली ४११ एकर जमीन घरासकट विद्यापीठाला मिळाली. १ जून १९४९ पासून कारभार इथून चालू झाला. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. कार्यक्षेत्र सुरुवातीला १२ जिल्ह्यांचे होते, पण १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर ५ जिल्हे उरले, आणि १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाल्यावर पुणे, नाशिक आणि आमचा नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, एवढेच राहिले. कार्यक्षेत्र आटत गेले, जमीन मात्र तेवढीच राहिली, आणि त्या जमिनीवर काय उभे राहिले हे पाहण्यात आमचा शनिवारचा उरलेला दिवस गेला.

जयकरांच्या नावाचे ग्रंथालय १९५० पासूनचे आहे. आत ग्रंथ आहेत आणि बाहेर, अभ्यासिकेच्या आसपास, एक वेगळेच विद्यापीठ भरलेले असते. झाडाखालच्या कट्ट्यावर राज्यसेवेची पुस्तके, चहाचे कागदी पेले, चालू घडामोडींवर एकमेकांना प्रश्न विचारणारी मुले. बीड, लातूर, नांदेड, परभणी अशी गावे बोलण्यातून सतत येतात, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नसलेले जिल्हेच इथे अधिक ऐकू येतात. वसतिगृहात स्वतःची खोली नसलेला मुलगा मित्राच्या खोलीत राहतो, त्याला इथल्या बोलीत ‘पॅरासाइट’ म्हणतात. भाचीने हा शब्द हसत सांगितला, पण तो उच्चारताना कोणाला त्यात अपमान वाटत नाही असेही सांगितले, कारण आज ज्याच्या नावावर खोली आहे, तो कालपर्यंत दुसऱ्या कोणाचा तरी पॅरासाइट होता. शहरात खोलीचे भाडे काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो या व्यवस्थेला नावे ठेवणार नाही. ‘कमवा व शिका’ योजनेत काम करणारी मुलेमुलीही भेटली. त्यांच्यातला एक जण आमच्याच तालुक्यातला निघाला, आणि मग गावांची, पाहुण्यारावळ्यांची उजळणी झाल्याशिवाय सुटका नव्हती.

दुपारी रिफेक्टरीत जेवलो. पोळी, उसळ, भात, आमटी, आणि शनिवार असल्याने उपवासवाल्यांची वेगळी चौकशी. त्याविषयी आणखी लिहिण्याजोगे काही नाही, भूक भागली.

एका परिचितांच्या ओळखीने नंतर आयुका, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठ केंद्र, पाहता आली, आणि या दोन दिवसांत मी सर्वांत जास्त वेळ तिथे घालवला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये ही संस्था स्थापन केली, ती जयंत नारळीकरांच्या हाती सोपवून. निरनिराळ्या विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांना खगोलशास्त्राच्या संशोधनासाठी येऊन राहता यावे, मोठी साधने वापरता यावीत, हा तिचा मूळ हेतू. दूरच्या तालुक्यात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे दार उघडे असावे, ही कल्पना मला इमारतीइतकीच देखणी वाटते. इमारत चार्ल्स कोरियांची आहे. बाहेरच्या भिंतीत खाली इथलाच काळा दगड आहे, त्यावर त्याहून काळा कडप्पा आणि सर्वांत वर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात ढग उमटतात. त्यामुळे भिंत कुठे संपली आणि आभाळ कुठे सुरू झाले, हे श्रावणातल्या त्या भुरकट उजेडात खरोखर ओळखू येत नव्हते. मधल्या चौकाला कुंड म्हणतात. त्याच्या कडेला आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत.

आवारात फूकोचा लंबक आहे. लंबकाचे आंदोलन एकाच प्रतलात राहू पाहते, खालची पृथ्वी फिरते, आणि त्यामुळे आपल्याला ते प्रतलच हळूहळू वळताना दिसते. ध्रुवावर हे वळण एका दिवसात पूर्ण होईल, विषुववृत्तावर होणारच नाही, आणि मधल्या ठिकाणी अक्षांशाप्रमाणे वेळ लागेल. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे, म्हणून इथे एक फेरा पुरा व्हायला सुमारे ७५ तास, म्हणजे तीन दिवसांहून थोडे अधिक लागतात. भाचीने हा हिशेब फोनवर करून दाखवला. आमचा शनिवार-रविवार म्हणजे त्या लंबकाचा अर्धा-पाऊण फेरा, यावर तिचे आणि माझे एकमत झाले.

नारळीकर २००३ पर्यंत संचालक होते. २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आमच्या पिढीतल्या कित्येकांना विज्ञान मराठीत वाचता येते हे त्यांच्यामुळे कळले. आयुकाच्या आवारातच मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिची ‘पुलस्त्य’ ही इमारत पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली. अरविंद गुप्ता यांनी सायकलची व्हॉल्व्हट्यूब, काड्यापेटीच्या काड्या आणि फेकलेल्या बाटल्या यांतून खेळणी करण्याचे काम इथे वर्षानुवर्षे केले. पलीकडे पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आहे. महासंगणकासाठी १९८८ मध्येच सुरू झालेल्या सी-डॅकचेही मूळ ठिकाण याच आवारात. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. या साऱ्या संस्था एकाच सुमारास, एकाच माळावर कशा आल्या, याचे मला सुचणारे एक कारण असे, की शहराजवळ एवढी सलग जमीन शिल्लक असलेले, आणि शिवाय विद्यार्थी हाताशी असलेले दुसरे ठिकाण फारसे नव्हते.

संध्याकाळी ललित कला केंद्राच्या अंगणमंचाजवळून जाताना तालीम चालू होती. सतीश आळेकर यांनी अनेक वर्षे या केंद्राची धुरा वाहिली. मुले एकच प्रवेश पुन्हा पुन्हा करीत होती, पाऊस आला की आडोशाला जात होती, आणि थांबला की पहिल्या वाक्यापासून सुरू करीत होती. मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी भाचीला सोडून मी औंधला मित्राकडे गेलो. औंधात पाहण्यासारखे जुने गावठाण आहे, पण आता परिहार चौकाच्या बाजूची दुकाने एवढी वाढली आहेत की ते शोधावे लागते. सूर्यनमस्कार आणि पंतप्रतिनिधी यांच्यामुळे आपण ऐकलेले औंध ते हे नव्हे, ते साताऱ्याकडचे. रस्त्यावरच्या एका रिक्षावाल्याने मला हे आपणहून सांगितले, यावरून तसे विचारणारे पुष्कळ भेटत असावेत.

रविवारी सकाळी आवाराबाहेरची वाट धरली. विद्यापीठालगत गणेशखिंड उद्यान आहे, १८७३ चे. जुन्या आंब्यांचे मातृवृक्ष आणि देशोदेशींची झाडे तिथे जपलेली आहेत, आणि २०२० मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. हे उद्यान आमच्या जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. त्यामुळे इथे कुंपणाच्या एका बाजूला सावित्रीबाईंचे विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूला जोतीरावांचे, अशी स्थिती आहे. कोणी ठरवून केलेली नसावी, पण चांगली जमून आली आहे.

तिथून विद्यापीठ चौकात येईपर्यंत शांतता संपते. इथला उड्डाणपूल हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोसाठी २०२० मध्ये पाडला गेला, आणि त्यानंतर पुणेकरांनी या चौकात किती तास काढले याचा हिशेब कोणत्याही पुणेकराला विचारावा, तो आनंदाने सांगेल. आम्ही चालत होतो म्हणून सुटलो. चतुःशृंगीच्या पायऱ्या चढून गेलो. वणीच्या सप्तशृंगीला दरवर्षी जाणाऱ्या एका भक्ताला, दुर्लभशेठ सावकाराला, वार्धक्यामुळे जाणे होईना, तेव्हा देवीच इथे आली, अशी या देवस्थानाची कथा आहे. नवरात्रात इथे मोठी जत्रा भरते, श्रावणातल्या रविवारी मात्र टेकडीवर फिरायला येणारेच अधिक होते. वरून पाहिले की विद्यापीठाचे आवार हा सभोवतालच्या इमारतींमधला हिरवा तुकडा म्हणून वेगळा काढता येतो. भाची म्हणाली, “मामा, नकाशावर हा तुकडा दरवर्षी तेवढाच दिसतो, पण त्याच्या भोवतीची मोकळी जागा दरवर्षी कमी होते. आमच्या विभागात उपग्रहाची जुनी चित्रे शेजारी ठेवून तेच तर करायला लावतात.”

परतीच्या वाटेवर गणेशखिंड रस्त्याने शिवाजीनगरकडे चालत गेलो. चाफेकरांच्या त्या रात्रीचे स्मारक याच रस्त्यावर आहे. रस्ता संपत आला की शिमला ऑफिसचा चौक लागतो. हवामान खात्याचे कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला हलवले, त्यासाठी ही घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत बांधली गेली, आणि शिमल्याचे नाव चौकाला कायमचे चिकटले.

कोणाला असेच जायचे असेल तर काही व्यवहारी सूचना. खडकी रेल्वे स्थानकावर लोकलने उतरून त्या बाजूने आत जावे आणि मुख्य प्रवेशद्वाराने बाहेर पडावे, म्हणजे माळाचा चढ समजतो. ओळखपत्र जवळ ठेवावे, फाटकावर विचारतात. मुख्य इमारत बाहेरून केव्हाही दिसते, आतले पाहण्यासाठी आधी चौकशी करावी. आयुका एरवी परवानगीशिवाय पाहता येत नाही, पण २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, ती सर्वांसाठी खुली असते, आणि त्याच सुमारास खोडदची दुर्बीणही पाहता येते. संगमनेर, नारायणगाव, जुन्नरकडच्या शाळांना तर खोडद पुण्यापेक्षा जवळ आहे. पुढच्या फेब्रुवारीत आमच्या शाळेच्या सहलीसाठी मुख्याध्यापकांकडे मी खोडदचेच नाव दिले आहे.